कार्डावरची अक्षरं आणि एक-चौदाचा उतारा

पत्र: "आम्ही फोंड्याला राहतो. यजमान नुकतेच बँकेतून निवृत्त झाले. पेडणे तालुक्यात सासूबाईंच्या नावावर एक भाट, म्हणजे बागेची जमीन, आहे, अकराशे चौरस मीटरच्या आसपास. सासू-सासरे दोघेही आता नाहीत. यजमानांना एक भाऊ, एक बहीण. मोपाला विमानतळ झाल्यापासून तिकडचे दर कुठच्या कुठे गेलेत, तेव्हा भाट विकावं आणि पर्वरीला एका नवीन प्रकल्पात मुलासाठी टू-बीएचके घ्यावा असं घरात चाललंय. दोन माणसं पुढे आली आहेत. एक पणजीचे एजंट. त्यांच्या कार्डावर नावापुढे सीआयपीएस, एबीआर, खाली 'सर्टिफाइड लक्झरी होम्स स्पेशालिस्ट', कोटाला सोनेरी पिन. दोन्ही व्यवहार मीच करून देतो म्हणतात, दोन्हीकडे दोन-दोन टक्के. 'टायटल क्लिअर आहे, तुम्ही फक्त पॉवर द्या, बाकी माझ्यावर सोडा,' असं म्हणाले. दुसरे सासरच्या गावातले एक भाई. कार्ड नाही, ऑफिस नाही, पण तालुक्यातलं एकेक भाट त्यांना पाठ आहे. मुलगा म्हणतो, शिकलेला माणूस घ्या. दीर म्हणतात, ही अक्षरं पैसे टाकले की मिळतात. तुम्हीच सांगा, या पदव्यांना खरंच काही अर्थ असतो का?" — एक वाचक भगिनी, फोंडा

ताई,

तुमच्या दिरांचं बरंचसं बरोबर आहे, पण सगळं नाही. मुलगा शिकलेला माणूस शोधतोय तेही चांगलंच. फक्त तो माणूस नेमकं काय शिकलाय, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

पदव्यांबद्दल आधी सांगते, कारण प्रश्न तोच आहे. पण पत्रात मला खटकलं ते वेगळंच. "टायटल क्लिअर आहे" आणि "पॉवर द्या", म्हणजे विक्रीची मुखत्यारी द्या, ही दोन वाक्यं एकाच माणसाने एकाच बैठकीत उच्चारली. त्यावर नंतर येते.

सीआयपीएस म्हणजे सर्टिफाइड इंटरनॅशनल प्रॉपर्टी स्पेशालिस्ट. एबीआर म्हणजे अक्रेडिटेड बायर्स रिप्रेझेंटेटिव्ह. दोन्ही अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेच्या. संघटना १९०८ ची, तिची आचारसंहिता १९१३ पासूनची; म्हणजे काल-परवा उगवलेलं दुकान नव्हे. एबीआर मिळवायला दोन दिवसांचा मूळ वर्ग करावा लागतो, जोडीला आणखी एक वर्ग, आणि खरेदीदाराच्या बाजूने केलेल्या काही व्यवहारांचा पुरावा द्यावा लागतो. सीआयपीएसच्या वर्गांत परदेशी गिऱ्हाईक, चलन, वेगवेगळ्या खंडांतले बाजार असे विषय असतात. मग दरवर्षी वर्गणी. ती थांबली की अक्षरंही काढावी लागतात. तेव्हा पैसे लागतात हे दिरांचं खरं, पण नुसते पैसे टाकून भागत नाही, वर्गात बसावं लागतं.

मात्र तिकडे या पदव्या लायसन्सच्या डोक्यावर बसतात. अमेरिकेत प्रत्येक राज्य एजंटाला स्वतःचं लायसन्स देतं, त्याआधी ठरावीक तासांचं शिक्षण घ्यायला लावतं, परीक्षा घेतं. ते नसेल तर धंदाच करता येत नाही. ही अक्षरं म्हणजे त्यावरची कलाकुसर. शिवाय तिथे जमिनीचा हक्क तपासायला टायटल कंपन्या आहेत, विमा आहे, पैसे तिसऱ्याच्या हाती ठेवायची पद्धत आहे. त्या वर्गांत कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी करण्याची कोर्टातली प्रक्रिया) यातला एकही विषय निघत नाही. आणि पेडण्यातलं भाट विकताना नेमके हेच विषय आडवे येतात.

एबीआरची तर गंमतच आहे. ही पदवी कशाची, तर खरेदीदाराच्या बाजूने उभं राहण्याची. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये खरेदीदार तुम्ही. नव्या प्रकल्पात बिल्डर एजंटाला कमिशन देतो, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. मग हे गृहस्थ तुमच्याकडून दोन टक्के घेणार, बिल्डरकडूनही घेणार, आणि वर तुमचे प्रतिनिधी म्हणवणार. त्यांना सरळ विचारा, "या फ्लॅटमागे बिल्डर तुम्हाला काय देतो?" आकडा सांगितला तर माणूस निदान मोकळा आहे. "ते आमचं आमचं असतं" असं उत्तर आलं, तर ती पदवी त्यांनी कार्डावर छापली, पण तिचा अर्थ वर्गातच ठेवून आले.

'सर्टिफाइड लक्झरी होम्स स्पेशालिस्ट' हे कुणी दिलं, ते मात्र मला कार्डावरून सांगता येणार नाही, आणि तोच त्यातला दोष आहे. कुठल्याही पदवीला मी दोनच प्रश्न विचारते. देणाऱ्या संस्थेच्या जाहीर यादीत या माणसाचं नाव सापडतं का? आणि गैरवागणुकीबद्दल ही संस्था कुणाची पदवी काढून घेऊ शकते का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर ती वर्गणीची पावती समजा.

या धंद्याच्या आसपास वजनदार पदव्याही आहेत, नाही असं नाही. एखाद्याच्या नावापुढे एमआरआयसीएस असेल, तर ती लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्सची. तिला १८८१ मध्ये राजसनद मिळालेली आहे, आणि शिक्षण, कामाचा अनुभव, वर तोंडी परीक्षा असं सगळं पार पाडून ती मिळते. आपल्याकडे 'रजिस्टर्ड व्हॅल्युअर' हा कंपनी कायद्याखालचा अधिकृत दर्जा आहे, परीक्षा देऊन नोंदणी होते. भाटाची किंमत किती, यावर भावंडांत वाद झाला तर अशा माणसाकडून लेखी मूल्यांकन करून घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पण तेही किंमत सांगतील, जमीन कुणाची हे सांगणार नाहीत.

आता कायद्याकडे. रिअल इस्टेट कायदा, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो तो, २०१६ चा. गोव्याचे नियम २०१७ मध्ये आले. या कायद्याला कार्डावर काय छापलंय याच्याशी काही देणंघेणं नाही. ब्रोकर म्हणा, दलाल म्हणा, कन्सल्टंट म्हणा, मोबदला घेऊन दोन पार्ट्या जुळवून देणारा तो एजंट, मग नाव काही का असेना. नोंदवलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट बिल्डर विकत असेल, तर त्यात मध्यस्थी करायला एजंटाची स्वतःची नोंदणी हवी. नसेल तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत.

गोव्यात एजंटाचा नंबर एजीजीओ या अक्षरांनी सुरू होतो, प्रकल्पाचा पीआरजीओने. पणजीच्या गृहस्थांकडून पदव्यांच्या आधी तो एजीजीओ नंबर मागून घ्या, आणि गोवा रेराच्या संकेतस्थळावर मुलाला स्वतः टाकून बघायला सांगा. नाव तेच आहे का, मुदत संपली नाही ना, नोंदणी त्यांची आहे की त्यांच्या कंपनीची. हा नंबर व्यवहाराच्या कागदांवर आणि जाहिरातीत घालणं त्यांचं कामच आहे, तेव्हा मागितल्यावर चेहरा पडायचं कारण नाही. नंबर महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राचा, निघाला तर तो पर्वरीला चालत नाही. नोंदणी ज्या त्या राज्यापुरती असते. मुंबई-पुण्याहून येऊन गोव्यात व्हिला विकणारे बरेच आहेत, म्हणून हे आवर्जून सांगतेय. महाराष्ट्राने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. चांगलं पाऊल, पण त्या परीक्षेचं प्रमाणपत्र म्हणजे गोव्याची नोंदणी नव्हे.

आणि हा नंबर म्हणजे माणूस हुशार किंवा सज्जन असल्याचा दाखला, असंही धरू नका. नोंदणी म्हणजे त्याचं नाव, पत्ता, पॅन सरकारदरबारी आहे आणि उद्या तक्रार करायची झाली तर कुठे करायची हे ठरलेलं आहे. एवढंच. पण हे एवढंच सोनेरी पिनेजवळ नाही.

फ्लॅटच्या बाबतीत कायदा तुमच्या बराच बाजूने आहे. बुकिंगच्या वेळी प्रकल्पाची सगळी माहिती आणि कागद तुम्हाला मिळवून देणं एजंटावर बंधनकारक आहे. न नोंदवलेल्या प्रकल्पाला त्याने हातच लावायचा नाही. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. कुणी म्हणालं की "वीस टक्के भरा, रेट लॉक होतो, ॲग्रीमेंट नंतर बघू," तर उठून यायचं. एक पळवाट लक्षात ठेवा: पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेला प्रकल्प या नोंदणीतून सुटतो. पर्वरीच्या आतल्या रस्त्यांवर अशा छोट्या इमारती असतात. "प्रकल्प लहान आहे, रेरा लागत नाही," हे उत्तर तेव्हा खोटं नसतं, पण मग रेराचं संरक्षणही तुम्हाला मिळत नाही. तिथे जादा दहा वेळा विचार करा.

आता भाट. मला खरं बोलायचंय ते याबद्दल.

तुमचं पेडण्यातलं भाट ही वडिलोपार्जित मिळकत, कुठल्या बिल्डरचा प्रकल्प नव्हे. एजंटाच्या नोंदणीची सक्ती इथपर्यंत पोचतच नाही. म्हणजे या व्यवहारापुरते पणजीचे सीआयपीएस आणि गावातले भाई कायद्याच्या नजरेत एकाच ओळीत उभे आहेत. तिथे कागद बोलतात, आणि पहिला कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा, गोव्यातला जमिनीचा महसुली उतारा.

तो काढा. सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन माहीत असेल तर ऑनलाइन दिसतो. टेबलावर पसरा आणि तिघा भावंडांनी मिळून वाचा. कब्जेदाराच्या रकान्यात सासूबाईंचं नाव आहे असं तुम्ही लिहिता. एकट्या त्यांचं आहे, की जोडीला एखाद्या दिराचं, चुलत सासऱ्यांचं, कुणा भाटकाराचं (जमीनदाराचं)? पुष्कळ उताऱ्यांवर असं एखादं जुनं नाव बसलेलं असतं, घरात कुणाला ते कोण हेही सांगता येत नाही. मग कुळाचा रकाना. तो कोरा असेल तर बरं. नाव असेल तर तो माणूस किंवा त्याची मुलं आज कसत नसली तरी विषय मिटलेला नसतो; १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती तुमच्या वकिलाला तोंडपाठ असायला हवी. मग 'इतर हक्क' हा रकाना. लोक तिथे नजर फिरवतात आणि पुढे जातात. मुंडकाराचं घर असेल तर बहुधा इथेच लिहिलेलं असतं, आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला ते घर आणि आजूबाजूची जागा विकत घ्यायचा हक्क आहे. पायवाटेचा, पाण्याचा हक्कही इथेच सापडतो.

एवढं करूनही एक-चौदा हा मालकीचा कागद नव्हे. ती महसुली नोंद आहे. ती बरोबर आहे असं कायदा धरून चालतो, पण उलट पुरावा आला की ती मोडते. मालकी सिद्ध होते ती मागच्या दस्तांनी: खरेदीखत, जुनी इन्व्हेंटरी, पोर्तुगीज काळातल्या नोंदी.

तुमच्या बाबतीत तर उत्तर उताऱ्याच्या पहिल्याच ओळीत आहे. उताऱ्यावर नाव सासूबाईंचं, आणि त्या नाहीत. मग आज ही जमीन विकण्याचा अधिकार कुणाला, हे कागदावर कुठे आलंय? सक्सेशन डीड (वारस कोण हे नोंदवणारा दस्त) झालंय का, इन्व्हेंटरी झालीय का, म्युटेशन (उताऱ्यावर वारसांची नावं चढवणं) झालंय का? तुमच्या पत्रावरून तरी नाही. हे नसताना "टायटल क्लिअर आहे" असं म्हणणाऱ्या माणसाने एकतर उतारा उघडलेला नाही, किंवा उघडून तुम्हाला काय ऐकायला आवडेल ते ओळखलंय. टायटल क्लिअर आहे हे म्हणायचा अधिकार एजंटाचा नाहीच, मग तो कुठल्याही देशातून शिकून आलेला असो. ते वकील सांगतो, शोध घेऊन, लेखी अहवालावर सही करून. सब-रजिस्ट्रारकडचा बोजा नसल्याचा दाखला त्याच्या जोडीला.

पॉवरबद्दल माझं मत ठाम आहे. विक्री करून देणाऱ्या माणसाला विक्रीची मुखत्यारी द्यायची नाही. नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर झालेल्या 'विक्री'ने मालकी बदलत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केलं, त्यामुळे लोकांना वाटतं आता धोका संपला. संपलेला नाही. नोंदवलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर तो तुमच्या वतीने रीतसर विक्रीखतावर सही करू शकतो, आणि ते तुम्हाला बांधील ठरतं. किंमत त्याने ठरवली, गिऱ्हाईक त्याने आणलं, सही त्यानेच केली. मग तुम्ही नेमकं काय विकलंत आणि कितीला, हे तुम्हाला पेडण्याच्या सब-रजिस्ट्रारकडून प्रत काढल्यावर कळायचं.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारला जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एक सदस्यीय आयोगही. ज्या जमिनींचे वारस परदेशात आहेत किंवा कुणी फिरकतच नाही, त्या हेरायच्या आणि जुने दस्त बनावट तयार करायचे, अशी ती पद्धत होती. म्हणून जुना पोर्तुगीज दस्त कुणी झेरॉक्स करून पुढे केला तर ती झेरॉक्स परत करा. आपली प्रत आपण मूळ कचेरीतून काढायची.

मग गावातले भाई बरे का? काही बाबतींत नक्कीच. भाटाची दक्षिणेची हद्द ज्या व्हाळाला (ओढ्याला) लागते तो गेल्या वीस वर्षांत किती सरकला, रस्ता नकाशावर आहे की फक्त गावकऱ्यांच्या सवयीत, शेजारच्या भाटात कुणाची केस चालू आहे, हे त्यांना ठाऊक असतं आणि कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. पण त्यांच्याही धंद्यातली एक रीत तुम्हाला माहीत हवी. "तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा, वरचे माझे." ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही चौरस मीटरला सात हजार म्हणता, एमओयू (प्राथमिक करार) सातचा होतो, गिऱ्हाईक दहाने घेतं, मधले तीन हजार त्यांचे. अकराशे मीटरवर ते तेहतीस लाख होतात. दोन टक्के दलाली मागणारे पणजीकर याच्यापुढे स्वस्त पडले की नाही? (हे आकडे हिशेबासाठी घेतलेत, दर म्हणून नव्हेत.) अशा वेळी आपला जुना करार कायदा, १८७२ चा, उपयोगी पडतो. एजंटाने तुम्हाला न सांगता स्वतःसाठीच, किंवा मेहुण्याच्या नावाने, तुमच्या मालाचा व्यवहार केला, तर त्यातला फायदा तुम्ही त्याच्याकडून मागू शकता. पण तो तुमचा एजंट होता हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि भाईंबरोबर कागद करायचा म्हटलं की आपल्याकडे लोकांना संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा.

कोणालाही काम द्या, एका पानाचं पत्र करून सही घ्या. काम कुठल्या सर्व्हे नंबरचं, किती महिन्यांसाठी, दलाली किती आणि ती विक्रीखतातल्या पूर्ण किमतीवर. ती टोकनच्या दिवशी द्यायची नाही, विक्रीखत नोंदवलं त्या दिवशी द्यायची. गिऱ्हाईकाकडून तो काही घेणार असेल तर तेही त्यात लिहा. जीएसटी लावणार असेल तर अठरा टक्के नंबरासकट बिलावर, नुसत्या तोंडी हिशेबात नाही. एवढ्यावर सही करायला जो कुरकुर करेल त्याला काम देऊ नका, भाई असो की एबीआर.

पणजीच्या गृहस्थांवर मी अन्याय करतेय असं मुलाला वाटत असेल तर एक परीक्षा सुचवते. ते इंटरनॅशनल स्पेशालिस्ट आहेत ना? त्यांना विचारा, "दुबईचा एनआरआय आमचं भाट घेऊ शकतो का?" शिकलेला माणूस लगेच उलट विचारेल, जमीन कुठल्या झोनमध्ये आहे, शेती म्हणून नोंद आहे का, सनद (बिगरशेतीची परवानगी) झालीय का? कारण एनआरआयला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. भाटात माड-काजू असतील आणि सनद नसेल, तर हा प्रश्न पहिला. भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला विकण्यावरही निर्बंध आलेत. नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला काढल्याशिवाय किंमत बोलणंच चुकीचं आहे. सेटलमेंट (वस्तीचा) आणि ऑर्चर्ड (बागायती) या झोनांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. या प्रश्नावर त्यांनी उलट प्रश्न केले तर त्या अक्षरांमागे काहीतरी आहे. "घेऊ शकतो की, माझ्याकडे तीन पार्ट्या तयार आहेत," असं म्हणाले तर कार्ड परत द्या.

मी तुमच्या जागी असते तर दोन्ही कामं एकाला दिली नसती. ज्याला भाट लवकर विकलं गेलं तर फ्लॅटवरही कमिशन मिळणार आहे, तो भाटाला चांगला भाव येईपर्यंत थांबायला का सांगेल? फ्लॅटसाठी, एजीजीओ नंबर खरा निघाला तर, पणजीकरांना घ्या. बिल्डर देत असेल तर तुमचे दोन टक्के कमी करून घ्या. भाटासाठी आधी वकील, तोही तुम्ही स्वतः शोधलेला, एजंटाने आणलेला नव्हे. मग गिऱ्हाईक शोधायला भाई, त्या एका पानाच्या कागदासकट.

एक गोष्ट तुम्हाला दोघांपैकी कुणीच सांगितलेली दिसत नाही. जमीन विकून घर घेतलं की भांडवली नफ्यावरच्या करात सवलत मिळू शकते, पण मुदती आहेत आणि घर कुणाच्या नावावर घेता याला महत्त्व आहे. विकणारे यजमान आणि फ्लॅट थेट मुलाच्या नावावर, असं केलंत तर ती सवलत नाकारली जाऊ शकते. टोकन द्यायच्या आधी सीएकडे जा. आणि भाटाचे पैसे येतील या भरवशावर पर्वरीला बुकिंग करू नका. सक्सेशनचे कागद, म्युटेशन, गिऱ्हाईक, या सगळ्याला किती वेळ लागेल हे तुमचा वकीलही छातीठोकपणे सांगणार नाही, आणि बिल्डरचे हप्ते काही थांबत नाहीत.

सुरुवात मात्र घरातून करा. आपल्याकडच्या, म्हणजे गोव्याच्या, कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर. त्यामुळे विक्रीखतावर तुमचे यजमान, दीर, नणंद यांच्याबरोबर तुमची, जाऊबाईंची आणि नणंदेच्या यजमानांचीही सही लागेल. म्हापशाच्या किंवा पेडण्याच्या सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर कुठल्याही दिवशी उभ्या राहा, एखाद्या जावयाची सही राहिली म्हणून परत निघालेलं कुटुंब दिसेल. कुणाचं लग्न गोव्याबाहेर लागलं असेल तर ते वकिलाला आधीच सांगा, हिशेब बदलू शकतो. कुणी परदेशात असेल आणि येणं शक्य नसेल, तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणायचं, इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची, आणि ते घरातल्याच माणसाच्या नावाने करायचं, फक्त याच सर्व्हे नंबरपुरतं.